चष्मेवालीच्या कमरेचा संगणक

मी एक जुना, कमरेला बांधायचा संगणक आहे. हसू आलं ना? खुशाल हसा, मित्रांनो. तुम्ही आज मनगटावर घड्याळाएवढा संगणक घालून खेळायला पळता आणि तो घातलाय हे विसरूनही जाता. मला घातल्याचं मात्र कुणी कधी विसरलं नाही. माझं वजनच तसं होतं.

सध्या मी एका चष्म्याच्या दुकानात, काचेच्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर असतो. खालच्या फळ्यांवर नव्या फ्रेमा मांडलेल्या आहेत. गिऱ्हाईक फ्रेम निवडता निवडता वर बघतं आणि विचारतं, "हे काय हो? जुना रेडिओ का?" मला वाईट वाटत नाही. वय झालं की माणसालासुद्धा लोक दुसराच कुणीतरी समजतात.

माझा जन्म झाला तेव्हा संगणक म्हणजे अख्खं टेबल अडवून बसणारी वस्तू होती. तो अंगावर घालून फिरायचं ही कल्पनाच लोकांना वेडेपणाची वाटे. ज्यांनी मला घडवलं ती माणसं अशीच थोडी वेडी होती. त्यांनी माझं शरीर जाड शब्दकोशाएवढं बनवलं. ते कमरेच्या डाव्या बाजूला बांधायचं. उजव्या बाजूला बॅटरी, ती विटेसारखी. डोक्याला एक पट्टा, पट्ट्याला दांडी आणि दांडीच्या टोकाला, बरोबर एका डोळ्यासमोर येईल असा, अंगठ्याच्या नखाएवढा पडदा. त्या काळ्या पडद्यावर लाल अक्षरं उमटत. अक्षरं उमटवायला एक कळफलक होता, तो एका मुठीत मावायचा. दोन-तीन कळा एकदम दाबल्या की एक अक्षर. हे सगळं एकमेकांना वायरींनी जोडलेलं. मला घातलेला माणूस दुरून एखाद्या बांधलेल्या गाठोड्यासारखा दिसे.

मला पहिली नोकरी लागली ती विमानं दुरुस्त करणाऱ्या एका मोठ्या शेडमध्ये. मेकॅनिकचे हात इंजिनात असावेत आणि इंजिनाचा नकाशा त्याच्या डोळ्यासमोर असावा, असा बेत होता. पहिल्याच दिवशी साहेबांनी मला टेबलावर ठेवलं, सगळ्यांना गोळा केलं आणि बजावलं, "याची किंमत नव्या मोटारीएवढी आहे. जपून वापरा."

मित्रांनो, त्या एका वाक्याने माझा घात केला. मोटारीएवढी किंमत कमरेला बांधून शिडीवर कोण चढणार? ज्यांनी धीर केला त्यांची वायर शिडीच्या पायरीत अडकली. एकजण म्हणाला, "कमरेला गरम इस्त्री बांधल्यासारखं वाटतंय." माझी बॅटरी दोन तास चाले आणि नेमकं इंजिन उघडून ठेवलं की ती मान टाके. शेवटी त्यांनी माझं नाव 'जावईबापू' ठेवलं. "याला उन्हात नेऊ नका, तेल लागू देऊ नका, वेळच्या वेळी खायला घाला आणि काम मात्र सांगू नका!" असं म्हणून सगळे हसत. मग मी कपाटात गेलो. पुढे ती शेडच बंद पडली आणि तिथलं सामान लॉटमध्ये विकलं गेलं. पंखे, खुर्च्या, पत्र्याची कपाटं आणि मी.

तो लॉट ज्याने घेतला त्याच्याकडून मला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने विकत घेतलं. त्याला सगळे मामा म्हणत. मामाची थोरली बहीण चष्म्याचं दुकान चालवायची. नवरा गेल्यावर तिने ते एकटीने सांभाळलं होतं. गल्लीत तिला चष्मेवाली बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणतो.

आदल्या वर्षी बाईंना मोठा ताप आला होता. ताप उतरला, पण जाताना दोन्ही कानांतलं ऐकणं घेऊन गेला. बोलणं शाबूत राहिलं. फक्त स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसल्याने त्या फार मोठ्याने बोलत. उजेडात समोरच्याच्या ओठांवरून त्यांना बरंचसं कळे. बाकीचं लोक पाटीवर लिहून देत. पण डोळे तपासायची खोली अंधारी. तिथे ओठही दिसत नाहीत आणि पाटीही दिसत नाही. बाई गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर एक काच धरत, मग दुसरी धरत आणि विचारत, "पहिली बरी की दुसरी?" गिऱ्हाईक उत्तर देई, पण बाईंपर्यंत ते पोचत नसे. दर वेळी दिवा लावला की गिऱ्हाइकाचे डोळे दिपत आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. लोक कंटाळले. चौकात दुसरं दुकान होतंच.

मामाने मला बाईंसमोर ठेवलं तेव्हा बाईंचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "काचा घासायच्या नव्या यंत्राचे पैसे तुझ्या हातात दिले, आणि तू हा खोका घेऊन आलास? शेडवाल्यांनी टाकून दिलेला?"

मामाने पाटीवर लिहिलं, "ताई, महिनाभर बांधून बघ. नाही पटलं तर माझं डोकं आणि तुझी चप्पल."

बाईंची मुलगी बिट्टी तेव्हा शाळेत होती. खरं नाव वेगळं, पण सगळे बिट्टीच म्हणत. पाटीवरचं वाचून ती खो खो हसली. बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग भावाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चप्पल मी लगेच काढून ठेवते."

मामाने मला त्यांच्या भाषेची अक्षरं शिकवली. मुठीतल्या कळफलकाला लांबलचक वायर जोडली. म्हणजे मी बाईंच्या कमरेला आणि कळफलक अंधाऱ्या खोलीच्या दारावरल्या कापडी पडद्याबाहेर बसलेल्या बिट्टीच्या हातात. गिऱ्हाईक जे बोलेल ते बिट्टीने टाइप करायचं आणि ते बाईंच्या डोळ्यासमोर लाल अक्षरांत उमटायचं. बाईंनी माझा चिमुकला पडदा उलटसुलट करून बघितला, डाव्या डोळ्यावर बसवला आणि त्याच्यापुढे स्वतः घासलेली एक काच लावली. अक्षरं एकदम स्वच्छ दिसू लागली. कारखान्यातल्या माणसांचा यात दोष नव्हता. ती यंत्रं घडवणारी माणसं होती, आणि ही डोळे ओळखणारी. मग बाईंनी जाड कापडाची एक बंडी शिवली. माझं निम्मं वजन कमरेवरून खांद्यांवर आलं, आणि उष्णता लागू नये म्हणून आतून घोंगडीचा तुकडा लावला. इतक्या वर्षांत मला अंगावर नीट बसवण्यासाठी सुईदोरा हातात घेणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं.

बाईंनी माझ्यावर वाचलेलं पहिलं वाक्य मला अजून आठवतं. मामा, बिट्टी, शेजारपाजार सगळे श्वास रोखून उभे होते. बिट्टीने अडखळत कळा दाबल्या आणि अक्षरं उमटली: "आई दूध उतू जातंय."

बाई धावल्या. वायर ताणली गेली, स्टूल पडलं, स्टुलावरून बिट्टी पडली. दूध अर्धं गेलंच. पण बाई शेगडीसमोर उभ्या राहून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, "वर्षभरात आज पहिल्यांदा मला कुणीतरी वेळेवर हाक मारली."

तिथून माझे चांगले दिवस सुरू झाले. बॅटरी दोनच तासांची, त्यामुळे बाईंना रोज ठरवावं लागे की आज कोणते दोन तास ऐकायचं. तुम्हाला कधी असं ठरवावं लागलंय का, मित्रांनो? बाकी सगळा दिवस शांत, आणि त्यातले दोनच तास बोलके! बिट्टी शाळेतून आली की दुकानाचे दोन तास. "कुठली काच बरी?" "दुसरी." "आता?" "आता जरा धूसर." "आणि ही?" "हां, ही झकास!" झकास हा शब्द टाइप करायला बिट्टीला फार आवडे. गिऱ्हाइकं परत येऊ लागली. काही तर फक्त मला बघायला येत आणि भिडेखातर एखादी फ्रेम घेऊन जात. वर्तमानपत्रात फोटोही आला. त्याच्याखाली 'भविष्यातील स्त्री' असं छापलं होतं. ते वाचून बाई म्हणाल्या, "भविष्यात बायकांची कंबर इतकी दुखणार असेल तर कठीण आहे."

पण माझे सगळ्यात आवडते तास रविवारचे. रविवारी दुकान बंद असे आणि मामा जेवायला येई. मामा म्हणजे गप्पांचा कारखाना. आधी काय व्हायचं, तो काहीतरी सांगे, सगळे हसत, आणि बाई एकेकाच्या तोंडाकडे बघत विचारत, "काय झालं? काय म्हणाला?" त्यांना उत्तर मिळे, "काही नाही गं, नंतर सांगते." ते नंतर कधी येत नसे. मी आल्यावर रविवारी दुपारी बिट्टी एका हाताने जेवायची आणि दुसऱ्या हाताने टाइप करायची. मामाचा विनोद बाईंना सगळ्यांच्या मागून, दोन घास उशिरा कळे. सगळ्यांचं हसून झालेलं असे आणि मग एकट्या बाई खदखदून हसत. त्यांचं हसणं बघून बाकीचे पुन्हा हसत. त्या घरात प्रत्येक विनोद दोनदा हसला जायचा.

आता एक गोष्ट सांगतो, जी तेव्हा फक्त बिट्टीला आणि मला माहीत होती. बिट्टी सगळं टाइप करत नसे. एकदा एक गिऱ्हाईक आपल्या बायकोला म्हणालं, "बहिरी बाई माझे डोळे काय तपासणार? उगाच आलो." बिट्टीची बोटं क्षणभर थांबली. मग बाईंच्या डोळ्यासमोर अक्षरं आली, "दुकान छान आहे म्हणतात." असं ती वारंवार करू लागली. कुणी किमतीवरून टोचून बोललं, कुणी बाईंच्या मोठ्या आवाजाची नक्कल केली, की बिट्टी ते गाळून टाके आणि काहीतरी गोड लिहून देई.

एक दिवस खोलीचा पडदा अर्धवट उघडा राहिला होता. गिऱ्हाइकाच्या तोंडावर उजेड होता. ओठ एक सांगत होते आणि मी दुसरंच. बाईंनी काही न बोलता तपासणी पुरी केली, गिऱ्हाइकाला वाटेला लावलं आणि बिट्टीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तो काय म्हणाला?"

"काही नाही, आई. चष्मा..."

"बिट्टे."

बिट्टीने मान खाली घातली. मग हळूच टाइप केलं, "म्हणाला, फुकट वेळ गेला. ही बाई काचा बदलतेय की पत्ते पिसतेय."

बाईंनी ते वाचलं. मग म्हणाल्या, "हे एवढं ओझं मी अंगावर घालते ते काय गोड गोड ऐकायला? गोड तर मी मनातल्या मनातही ऐकू शकते. मला खरं हवंय. तपासायला खरंच वेळ लागत असेल, तर मला हात चपळ करायला हवेत. ते मला कोण सांगणार?"

"पण तुला वाईट वाटेल ना."

"वाटू दे. तेवढं माझं मला वाटू दे."

त्या दिवसापासून बिट्टी जे ऐकू येई ते जसंच्या तसं लिहू लागली. काही दिवस बाई रात्रीच्या जेवणाला गप्प असत. पण त्यांचे हात खरंच चपळ झाले.

वर्षं गेली. बिट्टी माझ्यावर इतकी सराईत झाली की तिच्या बोटांचा वेग बोलण्याच्या वेगाला गाठू लागला. तिचं बोलणं मात्र कमी झालं. दुपार झाली की तिला दुकानात यावंच लागे. मैत्रिणी बाहेरून हाक मारत आणि ती हातातला कळफलक दाखवून मान हलवे. तिला जनावरांचं फार वेड. गल्लीतली लंगडी कुत्री, पंख मोडलेली कबुतरं, सगळ्यांची मलमपट्टी ती करायची. जनावरांची डॉक्टर व्हायचं तिच्या मनात होतं, पण ते कॉलेज दूरच्या गावात होतं. ती गेली तर टाइप कोण करणार? म्हणून तिने हा विषय घरात कधी काढलाच नाही. हजारो लोकांचं बोलणं तिने माझ्यातून आईपर्यंत पोचवलं होतं. स्वतःचं तेवढं राहून गेलं होतं.

एका दुपारी एक निवृत्त मास्तर डोळे तपासायला आले होते. अंधाऱ्या खोलीत ते खुर्चीवर बसलेले, नाकावर तपासणीची जड चौकट. बाई एकामागून एक काचा बदलत होत्या. "पहिली की दुसरी?"

मास्तर म्हणाले, "दुसरी."

बाहेर बिट्टीने दुसरी असं लिहिलं नाही. बोटं कळांवर ठेवून ती बराच वेळ बसून राहिली. मग बाईंच्या डोळ्यासमोर अक्षरं उमटली, "आई मला कॉलेजात जागा मिळाली आहे. उद्यापर्यंत कळवायचं आहे. मी नाही म्हणून कळवणार होते. पण तूच म्हणाली होतीस की खरं सांगत जा."

बाईंचा काच धरलेला हात हवेतच राहिला. मी त्यांच्या कमरेला होतो. त्यांचा श्वास थांबलेला मला कळत होता.

"पहिली की दुसरी?" बाईंनी पुन्हा विचारलं. सवयीने तोंडातून गेलं असावं.

"दुसरी," मास्तर म्हणाले. माझा पडदा कोराच होता. बाहेर बिट्टी तोंडावर हात धरून रडत होती.

"पहिली की दुसरी?"

"अहो बाई, दुसरी! दुसरी!" मास्तरांचा जीव मेटाकुटीला आला. शेवटी त्यांनी अंधारात चाचपडत बाईंचं मनगट धरलं आणि त्यावर बोटाने टक टक, असं दोनदा वाजवलं.

बाईंना ते कळलं. मग त्यांनी काचांची पुढची जोडी एकामागून एक लावून दाखवली. "आता?"

मास्तरांनी एकदाच वाजवलं. टक.

"आणि दोन्ही सारख्याच वाटल्या तर?"

मास्तरांनी जरा विचार केला आणि बाईंच्या मनगटावर तळहात घासला.

मित्रांनो, मोटारीएवढी किंमत, घोंगडी लावलेली बंडी, लांबलचक वायर आणि एका मुलीच्या इतक्या दुपारी! आणि हे काम एका बोटाने होण्यासारखं होतं. इतकी साधी गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. मी इतका भारी दिसत होतो की माझ्यापलीकडे कुणी बघितलंच नाही.

बाई मोठ्याने हसल्या. त्यांनी पडदा सारला. बिट्टी दचकून उभी राहिली.

"मास्तर, दोन मिनिटं थांबा," बाई अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "माझी लेक डॉक्टर व्हायला निघालीय."

बिट्टीने घाईघाईने टाइप केलं, "मग तुझं कसं होणार?"

"मला ऐकू यावं म्हणून तुझं तोंड बंद ठेवू का मी?" बाईंनी तिच्या हातातला कळफलक अलगद काढून घेतला. "ठेव तो. आता माझ्याकडे तोंड करून, मोठं तोंड उघडून सांग. कधी निघायचंय?"

आतून मास्तर ओरडले, "माझ्या नाकावरचं हे लोखंड आधी काढा, मग खुशाल निघा!" ते वाक्य मात्र बाईंपर्यंत कुणी पोचवलं नाही.

बिट्टी गेली. त्या दिवसापासून दुकानात माझी गरज उरली नाही. गिऱ्हाइकं अंधारात मनगटावर बोटं वाजवत आणि बाई काचा बदलत. मला राग आला का? खरं सांगतो, आधी फार एकटं वाटलं. पण बिट्टी सुट्टीत आली की रविवारी बंडी बाहेर निघे आणि मामाचे विनोद पुन्हा दोनदा हसले जात. मग माझी बॅटरी संपली. तशी बॅटरी बनवणं कधीचंच बंद झालं होतं. मामाने टॉर्चचे सेल जोडून बघितले, गाडीची बॅटरी लावून बघितली. ती कमरेला बांधायची म्हणजे बाईंना हातगाडीच लागली असती. अखेर बाईंनी मला मऊ फडक्याने पुसलं. आतलं काही गळून मी गंजू नये म्हणून जुनी बॅटरी काढून घेतली आणि मला या फळीवर ठेवलं.

आता बाई म्हाताऱ्या झाल्या आहेत. बिट्टीने त्यांना मनगटावरचा एक नवा संगणक आणून दिला आहे. माणूस बोलतं आणि त्यावर आपोआप अक्षरं उमटतात. कुणाला टाइप करावं लागत नाही. किंमतही माझ्या मानाने चिल्लर. फक्त तो कधी कधी भलतंच ऐकतो. परवा मामाने विचारलं, "ताई, गुडघा कसा आहे?" आणि त्यावर उमटलं, "ताई, गाढव कसा आहे?" बाई म्हणाल्या, "समोरच बसलाय." त्यालाही रोज संध्याकाळी भूक लागते. मग तो माझ्या फळीवर, माझ्याच शेजारी, वायर लावून पडून राहतो.

आजही तो इथेच आहे. बाहेर दुकानाच्या पायरीवर बाई आणि बिट्टी बसल्या आहेत. बिट्टी कामाच्या गावाहून आज सकाळीच आली. ती तोंडाने सांगतेय, हातांनी दाखवतेय, मध्येच उठून पाय झाडून दाखवतेय. काचेतून मला तिचं बोलणं कळत नाही. फक्त बाईंचं कळतं, कारण ते गल्लीच्या टोकापर्यंत सगळ्यांनाच कळतं. "काय? म्हशीने? मग तू काय केलंस?"

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू वरच्या फळीवर पडली असेल. तिला टाकण्याआधी एकदा हातात घ्या आणि ती कुणाच्या अंगावर, कुणाच्या हातात राबली हे घरच्यांना विचारा. नवी वस्तू आणाल तेव्हा तिची किंमत जरूर बघा, पण ती चालवायला रोज घरातल्या कुणाला बसून राहावं लागणार आहे, तेही बघा. आणि घरातल्या कुणाला ऐकू कमी येत असेल, तर त्यांच्यासाठी यंत्र अवश्य आणा. चांगलं आणा. पण ते चार्जिंगला लावलेलं असेल, तेव्हा त्यांच्याजवळ जाऊन बसा.